ओढ, उणे आकड्यांत

खाट नंबर अकरा. नावाच्या जागी आईचंच नाव :
हलिमाचं बाळ. मुलगी.
बत्तिसाव्या आठवड्यात आली, आता पस्तीस पूर्ण.
वजन सतराशे दहा.
काल सतराशे वीस होतं.

ते दहा ग्रॅम मी तीनदा शोधले.
काट्यावरचं फडकं बदलून पाहिलं.
नाहीच सापडले.

बाहेर जळगावचा पारा दिवसभर चव्वेचाळीसवर,
रात्री दोनलासुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही.
आत मी वेगळाच पारा बघत बसलेली :
इंजिनियरिंगच्या पोरांनी ठेवून दिलेलं खोकं,
त्यातून निघालेली केसाएवढी नळी बाटलीच्या बुचात,
आणि पडद्यावर हिरवी रेघ.
बाळ चोखतं तशी रेघ खाली बुडते.
ओढ उणे आकड्यांत मोजतात
हे मला एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर कळलं.

एरवी इथे बाटलीला मनाई. आम्ही वाटी-चमचेवाले.
आणि मोजायचं तर करंगळीनं :
हात धुऊन, मोजा चढवून, टाळूला हलकेच टेकवायची,
जीभ बोटाभोवती गुंडाळते का बघायचं,
सोडवून घेताना थोडं वाईट वाटतं का बघायचं.
वहीत लिहायचे – बरी. चांगली. ढिली.
डॉक्टर विचारायचे, ढिली म्हणजे किती, सिस्टर?
मी करंगळीकडे बघायचे.

हलिमाला खाली वॉर्डात ताप,
तिनं वाटीत पिळून पाठवलेलं दूध, तीस मिली,
त्यात एक थेंब सांडला तर आपण जबाबदार.
पहिले आठ घोट सुरेख. चोख, गीळ, श्वास. चोख, गीळ, श्वास.
मग बुडी उथळ.
मग आणखी उथळ.
मग ओठ नुसते बाटलीला लागलेले,
कपाळावर घाम, मोहरीएवढा.
मी लिहिलं : थकते. ढिली.
आज आकड्यासकट लिहिलं.

शेजारी सुभान तडवी, बाप,
हिरवा गाऊन उलटा घातलेला,
बाळ छातीशी धरायची त्याची पाळी यायची होती.
यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांत ठिबक बसवतो.
बराच वेळ तो मुलीकडे नाही, रेघेकडे बघत होता
आणि मला मनातून रागच आला.

"ताई, खाले जास ते ठीक.
पन रेघ परत वर नई येत."

मी म्हटलं, अशक्त आहे हो ती.

"तिनं नका सांगू," तो म्हणाला. "बाटलीनं सांगा.
आत हवाले वाट नई शे.
वरतीन पानी वढाय जास, मांगे हवा नई, मंग नळी चिपकस.
आमना रोजना धंदा शे हाऊ."

मी रेघ पुन्हा पाहिली.
बुडी किती खोल, एवढंच मोजत होते मी आठवडाभर.
बुडी मारून ती शून्यावर परत येते का,
हे कोणी विचारलंच नव्हतं.
प्रत्येक घोटागणिक रेघ थोडी खालीच राहिलेली,
पोर दुधाला ओढत होती
आणि बाटली पोरीला.

बूच अर्धा आटा सैल केलं.
आत एक बुडबुडा चढला,
एवढासाच, गुडगुडला.
रेघ उडी मारून शून्यावर.
मग बुडी. मग वर. मग बुडी.
उरलेले अकरा मिली सात मिनिटांत,
मध्ये दोनदा विसावा, तो तिचा हक्काचा.

सुभाननं गाऊनची नाडी सोडली,
छातीवरची सिमेंटची धूळ ओल्या फडक्यानं
दुसऱ्यांदा पुसली,
आणि हात पुढे केले.

मी "थकते" खोडलं. "ढिली" खोडलं.
पेन तसंच हातात.
मागच्या पानांवर खाट तीन, खाट सात,
पुन्हा सात, वेगळं बाळ,
माझ्याच अक्षरात.
ती घरी गेली. बहुतेक.

पहाटे पाचला वजन. फडकं तेच ठेवायचं.